देवगडची लॅब आणि अर्ध्यावर थांबणारी फाइल

जूनचा दुसरा आठवडा. मासेमारीची बंदी लागून आठ-दहा दिवस झाले होते, होड्या वर काढून झावळ्यांखाली झाकलेल्या. देवगड तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक विभागातून फोन आला. चोवीस मशीन आहेत, सगळ्यांवर डेबियन लिनक्स चढवायचंय, कॉलेज सुरू व्हायच्या आत. डीव्हीडी ड्राइव्ह केव्हाच मेलेले. अर्ध्या मशीनच्या बायोसला, म्हणजे चालू होतानाच्या सेटिंगला, कुणीतरी कधीकाळी पासवर्ड घालून ठेवलेला, त्यामुळे पेनड्राइव्हवरून बूट करायची सोय नाही. नशिबाने नेटवर्क बूट, म्हणजे वायरवरून फाइल घेऊन मशीन सुरू करायची सोय, मात्र चालू होती. लॅब असिस्टंट मुलगा हुशार, त्याने आधी स्वतः प्रयत्न करून पाहिला होता. फोनवर तो म्हणाला, "दादा, फाइलच येत नाही हो. टाइमआउट म्हणतंय."

टाइमआउट या शब्दाने पुढे तीन दिवस मला फिरवलं. त्या लॅबमध्ये एकाच दुखण्याच्या नावाखाली चार वेगवेगळी दुखणी होती, आणि एक काढल्याशिवाय दुसरं दिसत नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहितो, मी चुकलो त्या जागांसकट.

आधी मांडणी. लॅब तळमजल्यावर, खिडक्या पश्चिमेला, समुद्र हाकेच्या अंतरावर. ऑफिस वरच्या मजल्यावर आणि बॅटरी बॅकअप फक्त तिथेच. पहिल्या पावसात लाइट दिवसातून चार वेळा जाते, म्हणून मी माझा लॅपटॉप सर्व्हर करून वर ऑफिसात ठेवला. लॅबचा स्वतःचा एक छोटा राउटर होता, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं लिनक्स. पत्ते वाटायचं काम तोच करायचा. ऑफिसचं जाळं १९२.१६८.१ चं, लॅबचं १९२.१६८.५० चं, आणि मधे हा राउटर. राउटरमध्ये लिहून ठेवलं की बूट फाइल हवी असेल तर १९२.१६८.१.१० कडे जा. माझ्या लॅपटॉपचा पत्ता तो.

नेटवर्क बूटची साखळी तशी सरळ आहे. मशीन चालू झालं की त्याच्या नेटवर्क कार्डातला छोटा प्रोग्रॅम डीएचसीपीकडे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याकडे, पत्ता मागतो. पत्त्याबरोबर दोन गोष्टी कळतात, फाइल कुणाकडे आहे आणि तिचं नाव काय. मग ती फाइल टीएफटीपी या फाइल आणायच्या साध्या पद्धतीने उचलायची, ती चालवायची, आणि तिने पुढे कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचं गाठोडं) मागवायचं. टीएफटीपीचं १९८१ सालचं मानक एमआयटीच्या कॅरन सोलिन्स यांनी लिहिलेलं. आज चालतो तो १९९२ चा सुधारलेला अवतार. लॉगिन नाही, फोल्डरची यादी नाही, काही नाही. फाइलचं नाव सांगायचं, सर्व्हर एक तुकडा देणार, तुम्ही पोच द्यायची, मग पुढचा तुकडा. पोच येईपर्यंत सर्व्हर पुढे सरकत नाही. कार्डावरच्या चिमूटभर रॉममध्ये मावावा म्हणूनच तो इतका साधा ठेवला गेला, आणि त्या साधेपणाची किंमत आपण भरतो.

पहिल्या दिवशी सगळ्याच मशीनवर एकच ओळ: पीएक्सई-ई३२, टीएफटीपी ओपन टाइमआउट. पत्ता मिळत होता, म्हणजे वायर, स्विच, डीएचसीपी ठीक. सर्व्हरचा पत्ताही बरोबर दिसत होता. ऑफिसमधल्या दुसऱ्या एका डेबियन मशीनवरून तीच फाइल मागितली तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आली. मी खूश. सर्व्हर निर्दोष, दोष खालीच कुठेतरी.

लॅपटॉपवर टीसीपीडम्प, म्हणजे वायरवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम, लावला आणि इथे पहिली चूक केली. सवयीने फक्त पोर्ट ६९, म्हणजे टीएफटीपीचं ठरलेलं दार, बघायला सांगितलं. लॅबमधल्या मागण्या एकामागून एक येताना दिसल्या, पण उत्तर एकही दिसेना. निष्कर्ष काढला की सर्व्हर मुका आहे. पाऊण तास टीएफटीपी सर्व्हरची कॉन्फिग खालीवर केली, दोनदा पुन्हा इन्स्टॉल केलं. ज्याने नुकतीच ऑफिसातल्या मशीनला फाइल दिली, तो मुका कसा असेल, हा प्रश्न पाऊण तास सुचलाच नाही.

खरं असं आहे की टीएफटीपी सर्व्हर ६९ वर फक्त मागणी ऐकतो. उत्तर द्यायला तो प्रत्येक वेळी नवीन पोर्ट उघडतो आणि पुढची सगळी देवाणघेवाण त्या नव्या पोर्टवरून होते. दारात हाक ऐकायची आणि माल मागच्या खिडकीतून द्यायचा, असा प्रकार. ६९ वरच डोळा लावून बसलं की कुणीच माल देत नाही असं वाटणारच. गाळणी काढून सगळा यूडीपी, म्हणजे टीएफटीपी ज्यावरून चालतो ती सगळी वाहतूक, बघितला तेव्हा दिसलं, सर्व्हर प्रत्येक मागणीला इमानेइतबारे उत्तर देत होता, तोच पहिला तुकडा पुन्हा पुन्हा पाठवत होता. पोच मात्र येत नव्हती.

मग लॉग नीट वाचला. वाचावा लागतो म्हणून नाही, पाऊस जोरात होता आणि खाली जायला छत्री नव्हती म्हणून. चोवीस मशीन वेगवेगळी, पण मागणीच्या प्रत्येक ओळीत पत्ता एकच: १९२.१६८.१.२. म्हणजे लॅबच्या राउटरचा बाहेरचा पत्ता. राउटर नॅट करत होता. आतल्या मशीनची मागणी तो स्वतःच्या नावावर पुढे पाठवत होता आणि नोंद ठेवत होता की हिचं उत्तर १.१० च्या ६९ वरून येईल. उत्तर आलं ते कुठल्यातरी ४१ हजारच्या पोर्टवरून. राउटरच्या वहीत अशी नोंदच नाही, म्हणून त्याने ते टाकून दिलं. त्याचं फायरवॉल गुपचूप टाकून देणारं होतं, नकारसुद्धा कळवत नव्हतं. ऑफिसातल्या मशीनला फाइल मिळाली कारण ते राउटरच्या अलीकडे, माझ्याच बाजूला होतं. माझी चाचणी खरी होती, फक्त चुकीच्या खोलीत घेतलेली.

लिनक्सच्या राउटरला टीएफटीपीची ही सवय समजावणारं हेल्पर मॉड्यूल असतं. ते चढवता आलं असतं. पण नवीन कर्नलमध्ये असे हेल्पर आपोआप लागू होत नाहीत, नियम लिहून जोडावे लागतात. तीन दिवसांच्या कामासाठी एवढा खटाटोप कोण करणार? लॅपटॉप उचलला, लॅबमध्ये आणला, ५०.१० पत्ता दिला, राउटरमधली एक ओळ बदलली. बॅटरी लॅपटॉपला स्वतःची आहेच. स्विचला बॅकअप नव्हता, लाइट गेली की काम थांबायचं, ते थांबू दिलं.

मशीन बूट झालं, पीएक्सईलिनक्स या बूट प्रोग्रॅमची ओळ आली आणि खाली: फेल्ड टू लोड एलडीलिनक्स डॉट सी३२.

ही माझीच दुसरी चूक, आणि ती आदल्या संध्याकाळची. असिस्टंट मुलाने डेबियनचं नेटबूट टार (नेटवर्क बूटच्या फाइलींचं पुडकं) आपल्या विंडोज मशीनवर उलगडलं होतं आणि पेनड्राइव्हवर घालून मला दिलं होतं. त्यात सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये बूट फाइल नव्हतीच. मी ती आतल्या फोल्डरमधून शोधून वर कॉपी केली आणि मोकळा झालो. ती तिथे का नव्हती, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. डेबियनच्या त्या टारमध्ये वरच्या पातळीवर दिसणारी बूट फाइल, एलडीलिनक्स आणि कॉन्फिगचं फोल्डर ही तिन्ही सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलीकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या खुणा, असतात, खरा माल आत डेबियन-इन्स्टॉलरच्या पोटात. पेनड्राइव्हची फॅट फाइल सिस्टम सिमलिंक जाणतच नाही, त्यामुळे वाटेत ते गळून पडले. मी हाताने एक जोडला, बाकीचे दोन तसेच गायब.

मूळ टार फोडलेलं न घेता जसंच्या तसं लॅपटॉपवर घेतलं, तिथेच उलगडलं, दोन मिनिटांत मेनू आला. पेनड्राइव्हवरून न्यायचं तर पुडकं न सोडता न्या, एवढंच मी त्या मुलाला सांगितलं. तो जरा ओशाळला. खरं तर चूक त्याच्यापेक्षा माझी मोठी होती.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण त्याच मुलाने नंतर लॉग पाहून घाबरून मला हाक मारली होती. मेनू येण्याआधी लॉगमध्ये फाइल नॉट फाउंडच्या ओळींची रांग लागते. पीएक्सईलिनक्स आपली कॉन्फिग आधी मशीनच्या यूयूआयडीच्या (ओळख क्रमांकाच्या) नावाने शोधतो. मग ०१ लावून मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या पत्त्याच्या) नावाने. मग आयपी पत्ता हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाच्या) पद्धतीत लिहून, म्हणजे ५०.३१ साठी सी०ए८३२१एफ, आणि मागून एकेक अक्षर कापत जातो. शेवटी डीफॉल्ट. डीफॉल्टच ठेवलेली असेल तर त्याआधीच्या सगळ्या मागण्या फोल ठरणारच. त्या चुका नाहीत, दारोदार विचारत जाण्याची त्याची रीत आहे. घाबरायचं ते डीफॉल्टलाही नकार मिळाला तर.

नवीन चार मशीनचं प्रकरण पटकन संपलं. त्यांच्यावर एनबीपी (नेटवर्क बूटची पहिली) फाइल यशस्वीपणे उतरली असा निरोप यायचा आणि मशीन परत बूटच्या यादीवर. फाइल खरंच पोचत होती, पण ती जुन्या बायोसची होती आणि ही मशीन यूईएफआयवाली, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीची. डीएचसीपीच्या मागणीत मशीन आपली जात सांगतं. ९३ क्रमांकाच्या पर्यायात जुन्या बायोससाठी ०, ६४ बिटच्या यूईएफआयसाठी ७. राउटरमधल्या डीएनएसमास्कला, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगितलं की ७ आला तर ईएफआयची फाइल दे. झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अठरा मशीन इन्स्टॉलरपर्यंत पोचली. राहिली खिडकीखालच्या बाकावरची सहा, क्रमांक १९ ते २४. त्यातलं फक्त २३ एकदाचं पार पडलं. बाकी पाच मशीन मेनू दाखवायची, कर्नल घ्यायची आणि इनिटआरडी घेताना मधेच थांबायची. बराच वेळ तसंच. मग टाइमआउट. पुन्हा तोच शब्द.

माझ्या डोक्यात लगेच जुना संशयित आला. टीएफटीपीमध्ये तुकड्याचा क्रमांक १६ बिटचा, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच. मूळ तुकडा ५१२ बाइटचा. गुणाकार करा, जेमतेम ३२ एमबी. त्याहून मोठी फाइल असेल तर क्रमांक परत शून्यावर यावा लागतो आणि काही जुनी रॉम तिथे गोंधळतात. डेबियनची इनिटआरडी चाळीसेक एमबी. बसतंय की! मी विभागाच्या मॅडमना तसं सांगूनही टाकलं, वहीत लिहूनही टाकलं.

संध्याकाळी पॅकेट मोजायला बसलो आणि वहीतलं ते वाक्य खोडावं लागलं. १९९५ पासून टीएफटीपीत तुकड्याचा आकार आधी ठरवून घेता येतो. इथे मशीनने १,४०८ बाइट मागितले होते आणि सर्व्हरने मान्य केले होते, उत्तराच्या पहिल्याच पॅकेटमध्ये ते दिसत होतं. १,४०८ ने चाळीस एमबी म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस हजार तुकडे. ६५,५३५ च्या जवळपाससुद्धा जात नाही. आणि त्याहून मोठा पुरावा म्हणजे थांबायची जागा. १९ नंबर पहिल्यांदा ७,३१२ व्या तुकड्यावर थांबलं, दुसऱ्यांदा ११,९४० वर. २१ नंबर २,०८८ वर. हिशेबाची चूक असती तर दर वेळी एकाच जागी अडखळली असती. दर वेळी वेगळ्या जागी पाय घसरतो तेव्हा वाट निसरडी असते.

मग अदलाबदल सुरू केली. १९ नंबरचं मशीन उचलून आतल्या बाकावर लावलं, पहिल्या फटक्यात पार. आतल्या बाकावरचं ८ नंबर खिडकीखाली आणलं, थांबलं. मशीन सुटलं. पॅचकॉर्ड बदलली, फरक नाही. स्विचचा पोर्ट बदलला, फरक नाही. राहिली भिंतीतली वायर आणि आयओ बॉक्स, म्हणजे पॅचकॉर्ड खुपसायची भिंतीवरची डबी. त्या जागेवर लॅपटॉप लावून १,४०० बाइटचे हजार पिंग सोडले, तीसेक हरवले. आतल्या बाकावरून हजार सोडले, एकही नाही. लॅपटॉपच्या कार्डाचे आकडे काढले तर सीआरसी चुका, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पॅकेटची मोजणी, माझ्या डोळ्यांदेखत चढत होत्या. स्विचवरचा दिवा मात्र हिरवागार. दिवा एवढंच सांगतो की पलीकडे कुणीतरी आहे.

आयओ बॉक्सचं झाकण काढायला स्क्रूड्रायव्हर मागितला तर कॉलेजचे शिपाई मामा स्वतःच घेऊन आले आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिले. जॅकच्या आठ पिनांपैकी तीन-चारांवर हिरवट पूड, एकीवर तर मिठाच्या खड्यासारखा पांढरा ठिपका. मामा म्हणाले, "ह्या बघा, हिरवा चढलला हा. आमच्या होडयेत बॅटरीच्या टर्मिनलांका असाच धरता." त्यांच्या घरची होडी आहे. तीस वर्षं खाऱ्या वाऱ्यात वायरिंग दुरुस्त केलेला माणूस. मी दीड दिवस पॅकेट मोजून जिथे पोचलो, तिथे ते झाकण उघडताक्षणी पोचले.

स्वस्त जॅकच्या पिनांवर सोन्याचा मुलामा नावापुरता असतो, खाली निकेल, त्याखाली तांब्याचा मिश्रधातू. मुलामा एकदा घासला गेला की खारी दमट हवा आत शिरते. खिडकीखालचा बाक, एसी नाही, वर्षाचे आठ महिने खिडक्या उघड्या. आतल्या भिंतीवरचे जॅक त्याच खेपेत बसवलेले होते, ते मात्र चकचकीत.

मॅडमचा प्रश्न रास्त होता. तिथे बसून मुलं वर्षभर नेट वापरत होती, मग हे आत्ताच कसं? त्या बाकावरचं नेट स्लो असतं अशी तक्रार होती, असं असिस्टंटने तेव्हा सांगितलं. ब्राउझर टीसीपीवर चालतो. तो एका दमात पुष्कळ पॅकेट सोडतो, हरवलेली चटकन ओळखून परत पाठवतो, फार तर सावकाश होतो. टीएफटीपी एक तुकडा पाठवून पोचेची वाट बघत उभा. शंभरात एक पॅकेट हरवलं असं धरा. तुकडे आणि पोचा मिळून सत्तावन्न हजार पॅकेट, म्हणजे साडेपाचशेच्या वर थांबे, प्रत्येकाला निदान सेकंदभर. दहा मिनिटं तर थांबण्यातच. आणि इथे तर शंभरात तीनची गळती होती. त्याच एका तुकड्याचे दोन-चार प्रयत्न लागोपाठ फसले की रॉम हात टेकते आणि आपल्याला टाइमआउट दिसतो.

कणकवलीहून दुसऱ्या दिवशी दुपारी जॅक आले, बरे मुलामा असलेले. जुने कापले, वायर दोन बोटं मागे छाटली कारण तांबं आतपर्यंत काळवंडलं होतं, आणि नवीन जॅक पंच केले. मामांनी होडीवर वापरतात ते ग्रीस आणून दिलं होतं. ते मी पिनांना लावलं नाही, फक्त झाकणाच्या कडेने फिरवलं. त्यांना ते फारसं पटलं नाही. मग हजार पिंग, शून्य गळती. सहापैकी पाच मशीन चहा येईपर्यंत इन्स्टॉलरमध्ये होती. पुढचं काम रोजचंच. एका मशीनवर पॅकेजचा कॅशे उभा केला, म्हणजे कॉलेजच्या बारीक इंटरनेटवरून तेच पॅकेज चोवीस वेळा यायला नको.

सहावं, २२ नंबरचं, इनिटआरडी पूर्ण घ्यायचं आणि उलगडतानाच कोसळायचं. या खेपेला मी आधी मशीन उघडलं. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, एक काढली तर चाललं. तिच्या सोनेरी दातांवर तोच हिरवा रंग. खोडरबरने घासून पाहिली, जमलं नाही. नवीन पट्टी गणपतीच्या आधी येईल असं मॅडम म्हणाल्या आहेत. तोवर २२ नंबरच्या स्क्रीनवर कागद चिकटवलाय, असिस्टंटच्या अक्षरात: "चालू आहे, पण हळू."